लाल चिंधीची पिल्लं

"काटा बिघडला नाई, मॅडम. म्या सकाऊनच दोन किलोचं वजन लटकवून पाह्यलं."

बेबीबाईनं असं सांगूनही मी घड्याळी काट्याची सुई शून्यावर आणली, टोपली काढून पुन्हा अडकवली आणि तेच पिल्लू परत वजनाला लावलं. आठशे चाळीस ग्रॅम. आधीही आठशे चाळीसच भरलं होतं. पिल्लानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीत घाण केली.

प्रयोगाचा अठ्ठाविसावा दिवस होता. शेडमध्ये आठ कप्पे, एकेका कप्प्यात वीस पिल्लं. चार कप्प्यांच्या दाराला लाल चिंधी बांधलेली, चार कप्प्यांच्या दाराला हिरवी. दोन्हीकडे खाद्य एकच, गव्हाचं. फक्त हिरव्या चिंधीच्या पोत्यात मी चिकोरीच्या मुळांची पूड मिसळत होते, लाल चिंधीच्या पोत्यात नाही. सात दिवसांपूर्वी हिरवी पिल्लं लाल पिल्लांपेक्षा सरासरी साठ ग्रॅमनं पुढे होती. आज सगळी वजनं झाल्यावर मी तिथेच उकिडवं बसून वहीवर सरासरी काढली, तर फरक उरला होता पंधरा ग्रॅमचा.

पंधरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पिल्लू पाणी प्यायलं तरी तेवढं वाढतं.

विदर्भातल्या एका पशुवैद्यक महाविद्यालयात मी तेव्हा एम.व्ही.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी मका मिळत नव्हता. मक्यावाचून ब्रॉयलर कोंबडी वाढवायची म्हणजे गव्हावर वाढवायची, आणि गव्हात एक चिकट अंश असतो, तो कोंबडीला पचत नाही. विष्ठा पातळ आणि चिकट होते, खालची तुसाची गादी ओली होते, पिल्लांच्या मागच्या बाजूला लगदा धरतो, पाय बिघडतात, वजन मागे पडतं. चिकोरीच्या मुळांची पूडही कोंबडीला पचत नाहीच, पण ती आतड्याच्या शेवटापर्यंत पोचते आणि तिथले चांगले जिवाणू तिच्यावर वाढतात. ते वाढले की वाईट जिवाणूंना जागा उरत नाही. म्हणजे ते औषध नव्हे, कोंबडीचं अन्नही नव्हे. कोंबडीच्या पोटात राहणाऱ्यांचं अन्न.

हे मी पहिल्याच दिवशी बेबीबाईला सांगितलं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे पोटातल्या पावन्यायचा डबा."

त्याहून सोपं करून मला आजही सांगता येत नाही, आणि पुढे माझा धंदाच तो झाला.

माझ्यापुरता प्रश्न असा होता की हा प्रयोग एकदाच होणार होता. चिकोरीच्या पुडीचं एकच पोतं गुजरातेतून आलं होतं, तेही माझे मार्गदर्शक ढोमणे सर यांच्या ओळखीनं. पुण्याच्या एका पशुखाद्य कंपनीनं मला नोकरीचं पत्र दिलं होतं. जूनअखेर पदवी हातात असावी, एवढी त्यांची अट होती. घरी वडिलांनी शिकायला दोन वर्षांची मुदत दिली होती, तीही जूनमध्येच संपत होती, आणि मामानं तीन स्थळं हेरून ठेवली होती. तिघांपैकी एकाचा फोटो मी पाहिला होता. जून चुकवायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

"बेबीबाई, लाल कप्प्यांना खाद्य कोणत्या पोत्यातलं घालता?" मी विचारलं.

"लाल चिंधीच्या."

"रोज?"

"रोज." ती पिल्लू कप्प्यात सोडत होती. हात तुसाला टेकवून ती पिल्लू सोडायची, वरून कधी टाकायची नाही. "अन् वरतून दोन मापं हिरव्यातले."

मी वही मिटली.

"कधीपासून?"

"सहा-सात दिस झाले असतीन. मागच्या वजनाच्या दुसऱ्या दिसापासून." तिच्या आवाजात चोरी नव्हती. उलट मला आधीच का दिसलं नाही, असं तिला वाटत असावं. "पाहा ना मॅडम, आता कशी कोरडी होऊन रायली गादी. लाल्यायचे बुडं कसे लगद्यानं भरले होते, तुमी पाह्यले नाई का? मी रोज कोमट पान्यानं धूत होतो. धूवून धूवून किती धूवाव?"

वऱ्हाडात बायकाही 'मी धूत होतो' म्हणतात. पहिल्या महिन्यात मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं घालायला?"

"कोन सांगन? डोये हायेत ना मले."

मी रागानं बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं: "तुम्हाला समजत नाही तर हात कशाला लावता?" चौदा वर्षं त्या शेडमध्ये काम केलेल्या बाईला मी, चौदा महिन्यांची विद्यार्थिनी, हे विचारलं.

बेबीबाई उभी राहिली. ठेंगणी, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला, त्यावर तूस चिकटलेलं. तिनं हात पाण्याच्या बादलीत बुडवून धुतले, पदराला पुसले आणि मग बोलली.

"मॅडम, एक सांगू का? मी दहा-बारा वर्साची होतो. गावात मोठ्या घरचं लगन होतं. आमच्या साऱ्या वस्तीले जेवाचं बलावनं. आंगनात समोरासमोर दोन पंगती बसवल्या. समोरच्या पंगतीले बुंदी आली. आमाले भात आला, वरन आलं, बुंदी नाई आली. माही मोठी बहीन म्हने, येईन, येईन, दम धर. नाई आली. समोरचे खाऊन रायले अन् आमी पाहून रायलो." ती थांबली. "भूक नोती राह्यली, मॅडम. भातानं पोट भरलं होतं."

तिनं कप्प्यांकडे बोट केलं.

"जाळीच्या अल्याड एक, पल्याड एक. एका पंगतीत बसवाचं अन् दोन वाढनं वाढाचे, हे माह्या हातानं होत नाई. एकवीस दिस केलं. मंग नाई झालं."

मी तिला समजावून सांगितलं. लाल पिल्लांना पूड मिळाली नाही, तरच हिरव्या पिल्लांना पुडीनं काय झालं ते कळतं. दोन्हीकडे सारखंच वाढलं तर काहीच कळत नाही. मी हे शांतपणे सांगितलं; शिकवण्याची मला तेव्हापासूनच हौस होती.

"म्हंजे लाल्यायनं तरास काढाचा, तुमाले कळावं म्हून?"

"हो."

"बरं." तिनं विचार केला. "तुमी म्हनता तं आता नाई टाकत."

"आणि हे कोणाला सांगू नका. ढोमणे सरांनाही नाही."

"काऊन?"

इथे मी पहिल्यांदा खोटं बोलले. खोटं म्हणण्यापेक्षा, खऱ्यातला माझा भाग मी गाळला. ढोमणे सर त्या महिन्यात रोजंदारीवरच्या लोकांची यादी करत होते. चौदा वर्षांनी एकदाची कायम करण्याची वेळ आली होती, आणि आमच्या विभागातून एकच नाव जायचं होतं. बेबीबाईचं नाव सरांनी स्वतः सुचवलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि शेडमधल्या सगळ्यांना ती ते दिवसातून एकदा तरी सांगायची. नवरा दारूपायी गेलेला, मुलगी बारावीला. कायम झाली असती तर मुलीला नर्सिंगला घालणार होती.

"तुमचं नाव यादीत जायचंय ना," मी म्हणाले. "सरांना हे कळलं तर जाईल का?"

तिचा चेहरा उतरला. "हाव बाप्पा. हे तं माह्या ध्यानातच नाई आलं." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमी लय चांगल्या हा, मॅडम."

मी हात सोडवून घेतला नाही.

त्या दिवसापासून तिनं लाल कप्प्यांना पूड घातली नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांगितलं म्हणजे सांगितलं, अशी ती बाई होती. पण आठवडाभर मिळालेल्या पुडीनं आपलं काम केलं होतं. लाल पिल्लांची पोटं ताळ्यावर आली होती, आणि एकदा तब्येतीनं खायला लागलेलं पिल्लू मागे पडायला तयार नसतं. मी रोज सकाळी लाल कप्प्यांची गादी मुठीत दाबून पाहायचे. ती ओली व्हावी, असं मला मनापासून वाटायचं. पशुवैद्यक होताना घेतलेल्या शपथेत यातलं काही नव्हतं.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटचं वजन झालं. सर एका शिबिराला गेले होते, त्यामुळे शेडमध्ये आम्ही दोघीच. बेबीबाई पक्षी धरायची, टोपलीत ठेवायची. सुई स्थिरावली की मी वाचून कच्च्या वहीत पेन्सिलीनं लिहायचे. एकशे साठ पक्ष्यांतले नऊ आधीच दगावले होते, म्हणजे एकशे एक्कावन्न वजनं. चार तास लागले. मधे एकदाच आम्ही चहा प्यायलो.

बेबीबाईची एक खोड होती. सुई थांबायच्या आत ती आकडा बोलायची. पक्षी हातात धरल्याबरोबर म्हणायची, "सोळाशे वीस," आणि सुई सोळाशे दहावर तरी थांबायची नाहीतर सोळाशे तीसवर. अक्षरओळख नव्हती, पगाराच्या कागदावर अंगठा लावायची. पण त्या काट्यावर चौदा वर्षं खाद्य मोजत आलेली होती. त्या दिवशी शेवटचा पक्षी सोडून ती जाळीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पाह्यलं का मॅडम? लाल काय अन् हिरवे काय. उन्नीस-बीस."

तिचा चेहरा फुलला होता. पोरं पास झाल्यासारखा.

हिरव्यांची सरासरी सोळाशे तीस. लाल्यांची सोळाशे पाच. गणिताच्या कसोटीवर तो फरक टिकत नव्हता, हे मला आकडेमोड न करताच दिसत होतं. तरी मी ती केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वसतिगृहाच्या खोलीत टेबलाशी बसले. समोर कच्ची वही, शेजारी पक्की. पक्क्या वहीत शाईनं उतरवायचं, असा नियम होता.

मी स्वतःला असं समजावलं: पूड काम करते, हे पहिल्या एकवीस दिवसांनी दाखवलंच आहे. बेबीबाईनं हात घातला नसता तर बेचाळिसाव्या दिवशी फरक साधारण दीडशे ग्रॅमचा निघाला असता. म्हणजे मी जे लिहिणार ते घडलेलं नसलं तरी घडणारच होतं. हे समजावणं चांगलं जमलं, आणि मी पेन उघडलं.

खोटी वजनं लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. सगळ्यांतून सरसकट दीडशे वजा केले तर कोणीही ओळखतो. एखादा लाल पक्षी मुद्दाम भारी ठेवावा लागतो, एक-दोन फारच किरकोळ करावे लागतात, शेवटी नुसती शून्यं येऊ द्यायची नसतात, आणि अठ्ठाविसाव्या नि पस्तिसाव्या दिवसाचेही आकडे त्याच वाटेनं वळवून आणावे लागतात. मला तीन तास लागले. काम अत्यंत नीटनेटकं झालं. संपलं तेव्हा फरक एकशे बावन्न ग्रॅमचा होता. कच्ची वही मी वसतिगृहाच्या मागे पाणी तापवायच्या बंबात घातली.

मला लाज वाटली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली.

दहा दिवसांनी ढोमणे सर शेडमध्ये आले. उंच, पुढे किंचित वाकलेले गृहस्थ. खिशात कायम दोन पेनं, स्तुतीच्या बाबतीत हात आखडता. त्यांच्या हातात माझी पक्की वही होती. पक्षी विकले गेले होते, शेड रिकामी होती, आणि बेबीबाई जुनी गादी फावड्यानं ओढून एका बाजूला करत होती. सर माझ्याशी बोलायला आले होते, पण बोलले आधी तिच्याशी. ते खुशीत असले की आधी दुसऱ्याशी बोलायचे.

"काय बेबीबाई, तुमच्या मॅडमच्या हिरव्या चिंधीनं तर कमालच केली. दीडशे ग्रॅम! मी निम्म्याचीही आशा धरली नव्हती."

बेबीबाई फावडं टेकवून उभी राहिली. पूड मिसळल्याचं बोलायचं नाही, हे तिनं मला कबूल केलं होतं आणि ती ते बोललीही नाही. पण वजनाबद्दल गप्प राहायला मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"नाई सायेब," ती हसून म्हणाली. "सारखेच भरले. माह्याच हातानं धरले ना सारे. पंचवीसेक ग्राम इकडं-तिकडं. लाल बी काही कमी नोते."

सर हसायचे थांबले. त्यांनी वही उघडली, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. सगळं इतकं सावकाश की मला त्यांच्या अंगठ्याखाली पान वळताना दिसत होतं.

"वैजयंती," ते म्हणाले, "या काय म्हणतायत?"

मला आठवतं त्याप्रमाणे माझ्याजवळ भरपूर वेळ होता. निदान एक वाक्य खरं बोलण्यापुरता तरी होता. प्रयोग बिघडला, आकडे मी बदलले, पदवी पुढच्या वर्षी घेईन. यातलं कोणतंही वाक्य लांब नाही.

"सर, त्यांना काटा वाचता येत नाही," मी म्हणाले.

माझा आवाज अगदी साधा आला.

सरांनी बेबीबाईकडे पाहिलं. बेबीबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला आधी कळलंच नाही, मग सरांच्या हातातली वही तिनं पाहिली, मग पुन्हा मला, आणि मग तिला कळलं. सगळं कळलं. शाळेत न गेलेल्या माणसाला गोष्टी उशिरा कळतात, असा माझा एक समज त्या दिवशी गेला.

"खरं का बेबीबाई?" सरांनी विचारलं. "काटा वाचता येत नाही तुम्हाला?"

तिनं फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हाव सायेब," ती म्हणाली. "मले कुठं येते वाचता. अंगूठेबहाद्दर मी. अशीच अंदाजानं बोललो."

"मग इतकी वर्षं खाद्य कसं मोजता?"

"अंदाजानंच."

सरांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लिखाणाला लाग. मार्चमध्ये पहिला खर्डा पाहिजे." दारापर्यंत जाऊन ते थांबले, पण मागे वळले नाहीत. "कठीण आहे," ते स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले. "काटाच वाचता येत नसेल तर पक्षीगृह कायमचं कोणाच्या भरवशावर द्यायचं?"

ते गेल्यावर बेबीबाई पुन्हा गादी ओढू लागली. मी तिथेच उभी राहिले. मला बोलायचं होतं, आणि मी बोलले ते हे:

"बेबीबाई, तुम्ही असं का म्हणालात?"

"मंग काय म्हनू?" फावडं थांबलं नाही. "खरं सांगतलं असतं तं तुमचं सारं गेलं असतं. तुमचं हे एकदाच होते ना. मामानं पोट्टे पाहून ठेवले म्हने." पुडीवर, पिल्लांवर बोलता बोलता माझं सगळं घर मी तिला सांगून बसले होते. "माही यादी काय, औंदा नाई तं पुढच्या साली निघन."

"मी सरांना सांगते," मी म्हणाले. "आत्ता जाऊन सांगते."

तिनं फावडं थांबवलं आणि मी काय करते ते पाहत राहिली.

मी गेले नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "बाजूले व्हा मॅडम, तूस उडन अंगावर," आणि माझ्या पायाखालची गादी ओढून घेतली.

यादीत आमच्या विभागातून दुसऱ्याचं नाव गेलं. गोठ्यावरच्या एका माणसाचं. माणूस चांगला होता, कामाला तीन वर्षं झाली होती. माझा प्रबंध मार्चमध्ये लिहून झाला, मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकड्यांच्या सुबकपणाचं कौतुक केलं. जूनच्या अकरा तारखेला पदवी मिळाली आणि एकोणतीसला मी पुण्यात रुजू झाले. निघायच्या आदल्या दिवशी शेडवर गेले, तेव्हा बेबीबाई पाणी भरायला गेली होती. मी दहा मिनिटं थांबले आणि निघाले. अर्धा तास थांबले असते तर भेटली असती.

आज त्याला चोवीस वर्षं झाली. आमच्या कंपनीच्या खाद्यात अशा पुडी आता नेहमीच्याच आहेत. चिकोरीची आहे, यीस्टची आहे, गव्हाच्या कोंड्यातून काढलेलीही आहे. माझ्या हाताखाली सहा जण प्रयोग करतात. मी त्यांच्या कच्च्या वह्या मागून घेते आणि कुलपात ठेवते. त्यांना वाटतं, मॅडम फार काटेकोर आहेत. गव्हावरच्या कोंबड्यांना पूड मानवते, हे पुढे आमच्या शेडमध्येच कितीतरी वेळा दिसलं. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर होता. फक्त तो मी काढलेला नव्हता.

पुढच्या साली यादी निघाली नाही. त्याच्या पुढच्याही साली नाही. सरकारनं कायम करणंच थांबवलं. हे मला नऊ वर्षांनी ढोमणे सरांच्या निरोपसमारंभात, जेवताना, शेजारच्या खुर्चीवरच्या कारकुनाकडून कळलं. बेबीबाई शेवटपर्यंत रोजंदारीवर राहिली, म्हणाला, आणि मुलीचं लग्न बारावीनंतर लगेच करून दिलं. सर त्या दिवशी हार घालून घेत होते. त्यांनाही मी काही सांगितलं नाही.

प्रबंधाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. सुरुवातीला आभाराचं पान आहे. त्या पानावर पहिल्या खर्ड्यात मी बेबीबाई तायडे हे नाव लिहिलं होतं. पक्ष्यांची निगा आणि वजनं यांसाठी. टायपिंगला देण्याआधी ते माझ्याच हातानं खोडलं. काटा वाचता न येणाऱ्या बाईचे वजनांसाठी आभार मानले असते, तर सरांनी विचारलं असतं. बाकी अधिष्ठात्यांपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांची नावं तिथे आहेत.